सगळे वर आले

कोरपना
१० जून २०२४

प्रिय नथ्थू,

तू एक नंबरचा खोटारडा आहेस. हे आधी लिहून टाकलं म्हणजे बाकीचं पत्र निवांत लिहिता येईल.

पुनमनं मोठा टीव्ही आणून भिंतीवर लावून दिला. पोरगी बापाला विसरली नाही म्हणायची. माझे कान पुरते गेले. मशीन लावलं की डोक्यात कुकरची शिटी वाजते, म्हणून फोन मी घेतच नाही. पण या टीव्हीवर चित्राच्या खाली हिंदीत अक्षरं पळतात. ती वाचत मी दिवसभर बसतो. आशा म्हणते, "शाळेत एवढं वाचलं असतं तं तहसीलदार झाले असते तुमी."

तर काल आपली 'लोखंडी मासोळी' सापडली. पाणबुडीवाली. तिचं खरं इंग्रजी नाव तेव्हाही आपल्याला वाचता आलं नव्हतं. सिंदेवाहीच्या आपल्या व्हिडिओ हॉलमध्ये ती आपण किती वेळा लावली असेल! बांबूच्या तट्ट्याच्या भिंती, वर टिनं, मी व्हीसीआरच्या मशीनपाशी आणि तू माईक घेऊन टीव्हीच्या बाजूला. पिक्चर इंग्रजी, पब्लिक झाडीपट्टीतलं, मध्ये तुझं तोंड. "आता कप्तान म्हणून राह्यला, का बाबू हो, बायकोले मंग आठवा, पहिले नळ बंद करा." शेवट जवळ आला की तू माईकवर दोनदा टिचकी मारायचास. मी मशीन बंद करायचो आणि उरलेला पिक्चर तू अंधारात तोंडानं सांगायचास. सकाळच्या गाडीनं कॅसेट नागपूरला परत जायची. मला वाटायचं, हौस आहे गड्याला, बोलू दे.

काल मी शेवटपर्यंत पाहिला. नथ्थू, एकही माणूस वर येत नाही! तू सांगायचास की कप्तानानं एकेकाला खांद्यावर घेऊन वर ढकललं आणि बाया किनाऱ्यावर आरती घेऊन उभ्या. इथं पाणी छातीला लागतं, दिवा जातो, नुसते बुडबुडे. मी आपला रिमोट धरून बसलोय.

तरी लढाईच्या पिक्चरांत पहिला नंबर माझा मासोळीलाच. तुझा 'डोळेवाल्या नळी'ला, त्या पेरिस्कोपवाल्या पिक्चरला असणार, त्यात तुला कप्तानाचा आवाज काढायला मिळायचा. आता ती शोधतो, मग 'लाल दिव्याचं जहाज'. तुझे सगळे शेवट तपासतो बघ.

डोळे तुझे गेले, कान माझे. आज हॉल उघडला तर मध्ये तुझ्या सुनेला बसवावं लागेल. माधवीला आशीर्वाद. लोकेश सध्या कोणत्या समुद्रात आहे?

तुझा
गुणवंत

*

सिंदेवाही
२४ जून २०२४

गुणवंतभाऊले नथ्थूचा रामराम,

खोटारडा म्हण, काही म्हण. माधवीनं पत्र वाचलं अन् मी एवढा हासलो का तिनं पाणी आणलं.

तुले आठवत नसंल. मासोळी पहिल्यांदा लावली तवा म्यां खरा शेवट सांगतला होता. मी दुपारी एकटा बसून पाहून घेत होतो ना, मले सगळं ठाव राहे. मेले म्हटलं सगळे. रोवणीच्या बाया होत्या हॉलमधी, दिवसभर चिखलात वाकून आलेल्या. त्या अशा रडल्या का जसं घरातलंच मढं निघालं. अन् दुसऱ्या दिवशी हॉल रिकामा. तवा ठरवलं, माह्या तोंडून कोणी मरन नाई. त्या दिवसापासून सगळे वर आले. तुले मशीन बंद करायले लावलं, तुले सांगतलं नाई, काऊन का तू लय सत्यवादी. तुह्या पोटात काही राहत नाई.

माह्या पोराचंच पाह्य. लोकेश हॉलमधी तट्ट्याले टेकून बसे. त्यानं एकही जहाजवाला मरताना ऐकला नाई. म्हणून तं गेला नौदलात, अन् गेला तो थेट पाणबुडीवर. आता सध्या खाली हाये. खाली गेले का फोन लागत नाई, महिना महिना. माधवी घाबरते. मी नाई घाबरत. मी म्हणतो, बाई, मले शेवट ठाव हाये.

डोळेवाली नळी जरूर पाह्य. पण भाऊ, लाल दिव्याचं जहाज नको पाहू. त्यात काही मजा नाई. कॅसेट बी खराब होती ते. सोडून दे.

आशाबाईले रामराम.

नथ्थू

(काकाजी, मामाजी जसं बोलतात तसंच लिहिते. सुधारलं तर त्यांना वाचून दाखवताना कळतं आणि रागावतात. — सून माधवी)

*

कोरपना
१५ जुलै २०२४

नथ्थू,

नको म्हणालास म्हणून पाहिलं.

मागच्या खोलीत चार खलाशी अडकतात. लाल दिवा लागलेला. बाहेरून कोणी येत नाही. ते एकमेकांच्या अंगाला टेकून बसतात आणि एकेक जण झोपतो. पिक्चर संपतो. मी तो पुन्हा लावला. मग पुन्हा. मी त्यात श्वासाची नळी शोधत होतो.

तू नळी सांगितली होतीस. मला तुझा तो आवाज अजून ऐकू येतो, बाहेरचं काही ऐकू येत नसलं तरी. "कप्तानानं काय केलं, का बाबू हो, एक लंबी नळी तोडली. एक टोक तोंडात, एक टोक पाण्याच्या वर. कमरेले बांधलं लोखंड. अन् चौघं जण समुद्राच्या तळावरून असे चालत गेले, जसं आपण धानाच्या बांधीतून चालतो. सगळे वर आले." पब्लिकनं टाळ्या वाजवल्या होत्या. माझा प्रणित पहिल्या रांगेत बसला होता. दहा वर्षांचा.

त्यानंतरच्या रविवारी तो बांबूची नळी घेऊन तलावावर गेला. कमरेला दोरीनं दगड. पोरं सांगत होती, तो तलावाच्या बांधावरून, पारीवरून उतरताना म्हणाला, "मी खालून चालत त्या बाजूले निघतो, तुमी तिकडं या." पोरं तिकडं जाऊन उभी राहिली. वाट पाहत.

इतकी वर्षं मी समजत होतो की गोऱ्या लोकांच्या पिक्चरमध्ये तसं आहे, पोरानं पाहिलं, फसला. मी त्या गोऱ्यांना शिव्या दिल्या. मशीन विकलं, हॉल मोडला, गाव सोडून इथं सिमेंटच्या धुळीत येऊन राहिलो. तू मला सोडायला नागभीडपर्यंत आलास. गाडी सुटेपर्यंत खिडकीचा गज धरून रडलास. आणि तुला माहीत होतं की पिक्चरमध्ये नळी नाही. ती तुझ्या तोंडातून निघाली.

तो बांबू आशानं अजून माळ्यावर ठेवला आहे. फडक्यात गुंडाळून. पोरानं कुठून आणला देव जाणे. दिवाळीला ती तो उतरवते, पुसते, परत ठेवते. आतापर्यंत मी काही म्हणत नव्हतो.

माधवी, हे त्याला पूर्ण वाचून दाखव. एक अक्षर गाळू नकोस. नथ्थू, मला उत्तर हवं आहे.

गुणवंत

*

सिंदेवाही
२ सप्टेंबर २०२४

काकाजींना माधवीचा नमस्कार,

तुमचं पत्र मी मामाजींना पूर्ण वाचून दाखवलं. मी लिहायला बसले तर म्हणाले, "राहू दे." दोन दिवस भाताचा घासही घेतला नाही. तुमचं दुःख मोठं आहे, काकाजी. मी त्यात बोलणारी कोण? पण आज मला तुमच्याशिवाय दुसरं माणूस दिसत नाही.

लोकेश गेले. पाण्यात नाही. पाणबुडी वर आली होती, सगळे सुखरूप होते. सुट्टीचा अर्ज टाकून स्कूटरनं बाजारात निघाले. माझ्यासाठी साडी घ्यायची म्हणून. ट्रकखाली आले. मी भावाला घेऊन विशाखापट्टणमला गेले. मामाजींना सांगितलं, माहेरी आई आजारी आहे. तिथंच सगळं केलं. तेरवी भावाच्या घरी, नागभीडला उरकली.

मामाजींची शुगर वाढलेली आहे, पायाचं बोट कापलं तेव्हापासून ते ओसरीच्या खाली उतरत नाहीत. डॉक्टर म्हणाले, सांभाळून सांगा. सांभाळून म्हणजे कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी घरात आले तशी मामाजी म्हणाले, "आली का बाई?" ते मला बांगड्यांवरून ओळखतात. मी बांगड्या उतरवल्या होत्या, त्या दारातच परत चढवून आत आले होते. तेव्हापासून घालते आहे. भाकरी थापते तेव्हा त्या वाजतात आणि मामाजी ओसरीवरून विचारतात, "लोकेशचा फोन आला का?" मी म्हणते, अजून खालीच आहेत. सगळ्या गल्लीला माहीत आहे. लोक येतात, धानाच्या गोष्टी करतात, माझ्या हातांकडे पाहतात आणि जातात.

मला आता हे होत नाही. पण माझ्या तोंडून शब्द निघत नाही. मामाजींचा विश्वास एका तुमच्यावर आहे. ते म्हणतात, "गुणवंतभाऊ खोटं बोलत नाई, त्याले येतच नाई ते." तुम्ही पत्रानं कळवा. मी पोस्टमन वारलूभाऊंना वाचायला सांगीन, त्यांचा आवाज मऊ आहे. मी मामाजींचा हात धरून बसते. प्रणितभाऊंच्या नावानं मागते, एवढं करा.

माधवी

*

कोरपना
९ सप्टेंबर २०२४

माधवी,

सोबत नथ्थूच्या नावाचं बंद पाकीट आहे. फोडू नकोस. वारलूकडून वाचून घे. गल्लीतल्या चार जणांना बोलावून ठेव. बांगड्या तोवर राहू दे.

गुणवंत

*

कोरपना
९ सप्टेंबर २०२४

प्रिय नथ्थू,

मागच्या पत्रात मी फार तोडून लिहिलं. ते सोड. आज मी आनंदात आहे, आणि तू ऐकशील तर तूही होशील.

परवा माझ्या दारात कोण उभं असावं? तुझा लोकेश! हैदराबादकडून राजुऱ्यावरून आला, घाईत होता. सिंदेवाहीला यायला वेळ नव्हता म्हणून हळहळला. केवढा झालाय रे! आशानं त्याच्या हातावर दही ठेवलं. मला ऐकू येत नाही म्हणून त्यानं पाटीवर लिहून सांगितलं. त्याची मोठ्या पाणबुडीवर निवड झाली आहे. ती फार खोल आणि फार लांब जाते. तिथून फोन नाही, पत्र नाही. वर्ष लागेल, दोन लागतील. गुप्त काम आहे, म्हणून त्यानं बायकोलाही पुरतं सांगितलेलं नाही. ती काही वेगळं बोलली तर मनावर घेऊ नकोस, बाईमाणूस घाबरतं.

जाताना त्यानं पाटीवर लिहिलं, "बाबाला सांगा, मी तळावरून चालत येतो."

तू दाराकडे कान ठेवून बस, नथ्थू. कितीही दिवस लागू देत. तुला तर शेवट ठाऊक आहे. सगळे वर येतात.

तुझा
गुणवंत

*

सिंदेवाही
२० सप्टेंबर २०२४

काकाजी,

गल्लीतल्या बाया ओसरीवर बसल्या होत्या. शेजारच्या इंदुताईंनी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. मी मामाजींचा हात धरला. वारलूभाऊंनी वाचायला सुरुवात केली आणि दोन ओळी झाल्यावर माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवू शकले नाही. मामाजी म्हणाले, "थांबला काऊन? वाच." त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मामाजी म्हणाले, "अजून एक डाव वाच." पुन्हा वाचलं.

मग मामाजी हसले. मोठ्यानं, हॉलमध्ये हसत असतील तसे. चौकातून जिलबी आणवली आणि सगळ्या बायांना वाटली. त्या बाया जिलबी हातात धरून बसल्या, काकाजी. मामाजी विचारत होते, "गोड हाये ना?" इंदुताईंनी तोंडात घातली आणि पदरात थुंकली.

आता मी काय सांगू त्यांना? मी खरं बोलले तर ते म्हणतील, भाऊनं लिहिलंच होतं की बाई घाबरून वेगळं बोलेल. तुम्ही माझं तोंडही बांधून टाकलं. मी तुमचं काय वाकडं केलं होतं? लोकेशनं काय केलं होतं?

माझ्या हातात अजून बांगड्या आहेत.

माधवी

*

कोरपना
२८ सप्टेंबर २०२४

माधवी,

तू काही केलं नाहीस. तू मध्ये सापडलीस. पाणी आत शिरलं की ते कोण चांगलं, कोण वाईट पाहत नाही. असल्या पिक्चरांत हे मी खूपदा पाहिलं आहे.

मी त्याला त्याचीच गोष्ट परत केली. त्यानं माझ्या पोराला ती सांगितली, मी त्याच्या पोराची त्याला सांगितली. मला माझा मुलगा त्याच दुपारी मिळाला, ओला, नाकात शेवाळ. मी त्याला पारीवर निजवलं आणि माझं काय गेलं ते मला कळलं. नथ्थूला ते कळू नये. त्यानं दर टिचकीला, दर पावलाला मान वर करावी. जेवताना हात थांबवावा. मरतानाही त्याला वाटावं, एक दिवस थांबलो असतो तर आला असता.

तुला बांगड्या उतरवायच्या असतील तर उतरव. त्याला काय सांगायचं ते तू पाहा. मला आता पत्र लिहू नकोस.

गुणवंत

*

सिंदेवाही
६ ऑक्टोबर २०२४

आशाबाईले नथ्थूचा रामराम,

हे पत्र वारलू लिहून राह्यला. पाकिटावर तुमचं नाव टाकायले लावलं, तं तुमीच वाचा.

माधवीच्या नावाचं भाऊचं पत्र आलं तवा ते वाडीत होती. वारलूनं ते माह्या हातात देल्लं. म्यां म्हटलं, वाच. तो नाई म्हणे. म्यां त्याले शपथ घातली. मंग त्यानं वाचलं.

बाई, लोकेश गेला हे मले त्या पत्रानं नाई समजलं. ते पहिलंच समजलं होतं, जिलबीच्या दिवशी. भाऊच्या गोष्टीत सगळे वर आले ना. तो शेवट माहा हाये. जिंदगीभर म्यां तोच सांगतला. जिथी मी सगळे वर आले म्हणो, तिथी एकही आला नसे. म्यां दोनदा वाचायले लावलं, म्हटलं कुठी तरी खरं निघंल. नाई निघालं. मंग हासलो. बाया माह्यासाठी रडू दाबून बसल्या होत्या, त्यायच्यासमोर कसा रडू? माधवीले बी काही म्हटलं नाई. ते माह्यासाठी बांगड्या वाजवे, मी तिच्यासाठी ऐको.

काल तिले जवळ बसवलं. म्हटलं, काढ बाई त्या बांगड्या. मले आता तू पायाच्या आवाजानं बी समजतं. एकेक बांगडी तिनं माह्याच हातात देल्ली. पोरगी रडली मंग, मोकळी.

आता प्रणितचं. नळी माह्या तोंडची. ते मी कवाच नाकारलं नाई, विचारलं असतं तं सांगतलं असतं. मी आंधळा झालो तं लोक म्हणत शुगरनं झाला. मी म्हणो, नाई, त्या नळीनं झाला.

पण भाऊनं माह्या घरातल्या विधवेले जे लिहिलं, ते ऐकून एक गोष्ट माह्या पोटात आता राहत नाई. ते म्यां पोलिसाले नाई सांगतली, तुमाले नाई सांगतली. नागभीडच्या टेसनावर खिडकीचा गज धरून रडलो, तवाही तोंडावर आली अन् गिळली. म्हटलं, त्याचं पोरगं गेलं, त्याले अजून काऊन मारू?

तो माळ्यावरचा बांबू खाली उतरवा. फडकं सोडा. उजेडात धरून आतून पाहा. बांबूले आत गाठी असते, बाई. गाठ राहिली तं वारा जात नाई. त्या गाठी आतून जळल्या हायेत. तापल्या सळईनं फोडल्या, एक एक करून. दहा वरसाच्या पोराचं काम नोय ते. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी मी हॉलच्या मागं गेल्तो. जनरेटरपाशी शेगडी होती, शेगडीत सळई होती. पोरगं बाजूले नाचत होतं, "बाबा, अजून एक राह्यली, बाबा, अजून एक." अन् बाबा हासत होता.

कोण होता ते त्याले इचारा. त्याले ऐकू येत नाई, तं पाटीवर लिहून इचारा.

नथ्थू